लांबणारा पोलादी हात

दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू होतो. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. जिनिंगच्या कारखान्यात सरकी निराळी काढतात आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. हाताला इतकी हलकी लागणारी रुई. पण तिची एक गाठ सुमारे 170 किलोग्रॅम भरते! अशा गाठी उंच थप्पीवर चढवावयाच्या कशा?

साध्या फोर्कलिफ्टला पुढे दोन लोखंडी सुळे असतात. ते मालाखाली सरकविले की उभ्या खांबावरून माल वर चढतो. परंतु हे यंत्र माल सरळ वरच नेते. मध्ये चर किंवा दुसरी थप्पी आली, की त्याचा इलाज खुंटतो. शिवाय त्याची लहान चाके फरशीवर चालण्याजोगी. ओल्या काळ्या मातीत ती रुततात.

टेलिस्कोपिक फोर्कलिफ्टची चाके मोठी असतात आणि खांबाच्या जागी एक तिरपा पोलादी हात असतो. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे या हाताचे भाग एकात एक बसलेले असतात. ते बाहेर सरकले, की हात लांबतो आणि आडवी आलेली थप्पी ओलांडून माल पलीकडे ठेवतो. विटा वरच्या मजल्यावर पोचविणे, चाऱ्याचे गठ्ठे रचणे, ही कामेही तो करतो. सुळे काढून खोरे बसविले, तर धान्यसुद्धा भरता येते.

हाताला बळ मिळते ते तेलापासून. पंपाने दाबलेले तेल नळकांड्यात शिरून दट्ट्याला ढकलते. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितला. त्यामुळे दट्ट्याचे क्षेत्रफळ दहापट केले, की जोरही दहापट मिळतो. गंमत अशी, की रुई दाबून गाठ बांधणारे हायड्रॉलिक प्रेसही याच नियमावर चालते.

मात्र केवळ बळ असून भागत नाही. बैलगाडीत मागे फार माल भरला, की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते. येथे तोच प्रकार पुढच्या बाजूने घडतो. पुढची चाके हा टेकू. त्यांच्यापासून 2 मीटरवर असलेल्या दोन गाठी 6 मीटरवर नेल्या, तर वजन तेच राहते, पण यंत्राला पुढे कलंडविण्याची त्यांची शक्ती तिप्पट होते. लांबलेल्या हाताचे वजनही तिला साथ देते, ते निराळेच! म्हणून किती अंतरावर किती वजन चालेल, याचा तक्ता चालकासमोर लावलेला असतो. पुष्कळ यंत्रांत मर्यादा जवळ येताच घंटा वाजते. माल उचलल्यावर चालक प्रथम हात आखडून खाली घेतो आणि मगच यंत्र हलवितो.