विरजणाविना आंबणारी बिअर

दह्याला विरजण लागते, आंबोळीच्या पिठाला लागत नाही. रात्री झाकून ठेवलेले पीठ सकाळी आपसूक फुगून येते. माडावरून उतरवलेल्या ताज्या नीरेची काही तासांत माडी होते, तेव्हाही तिच्यात कुणी काही घातलेले नसते. जगातील जवळजवळ सारी बिअर दह्याच्या जातकुळीतली आहे. जोपासलेले यीस्ट मोजून घालायचे आणि ठरल्या दिवशी ठरल्या चवीची बिअर मिळवायची, असा तिचा शिरस्ता. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स आणि तिच्या नैर्ऋत्येचा पायोटेनलँड हा शेतीप्रधान प्रदेश येथे मात्र एक बिअर अजूनही आंबोळीच्या न्यायाने तयार होते. तिचे नाव लॅम्बिक. लेम्बेक या गावावरून हे नाव पडले असावे, असे सांगितले जाते. पण ते सिद्ध झालेले नाही.

गेल्या काही वर्षांत या बिअरचे जगभर चाहते निर्माण झाले आहेत. चाहते म्हटले की संग्रह आला, संग्रह आला की साठेबाजी आली आणि तिच्यामागोमाग अवाच्या सवा किमतीही आल्या. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ या समजापायी अनेक जण उत्तम बाटल्या कपाटात ठेवून वाया घालवतात. म्हणूनच ही बिअर मुळात काय आहे, कोणती बाटली ठेवावी आणि कोणती लगेच उघडावी, हे समजून घ्यायला हवे.

ब्रसेल्समधील अँडरलेख्ट भागात कांतियों ही ब्रुअरी आहे. १९०० साली स्थापन झालेल्या या ब्रुअरीचे रूपांतर १९७८ मध्ये संग्रहालयातही करण्यात आले. अर्थात हे संग्रहालय जिवंत आहे. पर्यटक आत फिरत असतात आणि शेजारी पिंपांमध्ये बिअर मुरत असते. येथे सुमारे ६५ टक्के जवाचे माल्ट आणि ३५ टक्के कच्चा गहू यांचा रस काढून तो हॉप्ससह उकळतात. हॉप्सही ताजी नसतात, मुद्दाम दोन-तीन वर्षे जुनी केलेली असतात. त्यांचा कडवटपणा बराचसा निघून गेलेला असतो, नको असलेल्या जिवाणूंना रोखण्याचा गुण मात्र टिकून असतो. हा उकळता रस माळ्यावरच्या उथळ, पसरट तांब्याच्या हौदात सोडतात. छपरालगतच्या झडपा उघड्या असतात. रात्रभर गार हवा वाहते, रस निवतो आणि हवेबरोबर सूक्ष्मजीव त्यात उतरतात. सकाळी तो लाकडी पिंपांत भरला जातो. यीस्ट कुणीही घालत नाही.

‘हवेतून येणारी बिअर’ हे वर्णन मोहक असले तरी ते अर्धेच खरे आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या पिंपांच्या लाकडातही सूक्ष्मजीवांची वस्ती असते आणि या बिअरच्या घडणीत तिचा वाटा मोठा आहे. कांतियोंमध्ये कोळ्यांची जाळीही काढत नाहीत, कारण फळांवर घोंघावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात. आपल्याकडच्या गृहिणीला हे पटणे कठीण!

पिंपात पुढे जे घडते त्याला पाळ्या लावून केलेल्या कामाची उपमा शोभेल. पहिले काही आठवडे आतड्यांत आढळणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू राज्य करतात. मग सॅकरोमायसिस, म्हणजे नेहमीचे यीस्ट, साखरेचा मद्यार्क करते. त्यानंतर पेडिओकॉकससारखे जिवाणू दह्यासारखा आंबटपणा आणतात. या टप्प्यावर बिअर कधी कधी तेलकट, तार सुटल्यासारखी होते आणि ब्रुअर ‘ती आजारी आहे’ असे म्हणून स्वस्थ बसून राहतात. शेवटी ब्रेटानोमायसिस हे चिवट यीस्ट उरलीसुरली साखर संपवून तो दोष निस्तरते आणि लॅम्बिकला तिचा खास गंध देते. या साऱ्याला एक ते तीन वर्षे लागतात.

पिंपातून थेट काढलेली लॅम्बिक जवळजवळ फेसविरहित असते. बाटलीतून जगभर पोहोचते ती प्रामुख्याने ‘गूझ’. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण करून ती बाटलीत भरतात. कोवळ्या लॅम्बिकमधील शिल्लक साखर बंद बाटलीत पुन्हा आंबते आणि शॅम्पेनसारखा फेस येतो. कोणत्या पिंपातले किती घ्यायचे, हे चव घेऊनच ठरवावे लागते. लॅम्बिकमध्ये आंबट चेरी मुरवली की ‘क्रीक’ होते, तर साखर घालून गोड केली की ‘फारो’.

येथे ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येतो. गूझची बाटली दुकानात येते तेव्हाच तिच्यातल्या सर्वांत जुन्या अंशाने तीन वर्षे घालवलेली असतात. वाट पाहण्याचे मुख्य काम मिश्रण करणाऱ्याने आपल्यासाठी आधीच उरकलेले असते. पुढची वर्षे आपण वाढवतो ती हौसेखातर, गरजेपोटी नव्हे.

खरेदी करताना पहिली परीक्षा लेबलची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोड पेयांची चटक वाढली तेव्हा अनेक उत्पादकांनी लॅम्बिकमध्ये फळांचा रस आणि गोडी आणणारे पदार्थ मिसळून ती गाळून विकायला सुरुवात केली. अस्सल गूझ मागे पडली. या पार्श्वभूमीवर ‘औदे गूझ’ आणि ‘औदे क्रीक’ या नावांना १९९७ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षण मिळाले. ‘औदे’ म्हणजे डच भाषेत ‘जुनी’. लेबलवर ओ, यू, डी, ई ही रोमन अक्षरे दिसली, तर आतली बिअर पारंपरिक पद्धतीची आणि बाटलीत पुन्हा आंबवलेली आहे असे समजावे. लिंडेमान्स ही एकच ब्रुअरी गोड क्रीकही बनवते आणि ‘क्युव्हे रने’ ही अस्सल कोरडी गूझही. त्यामुळे केवळ कंपनीच्या नावावर विसंबून चालत नाही. उलट, कांतियोंच्या बाटलीवर ‘औदे’ नसते, तिथे ‘शंभर टक्के लॅम्बिक’ असे लिहिलेले आढळते. पारंपरिकतेच्या बाबतीत तिच्याविषयी कुणाला शंका नाही.

नवख्याने सुरुवात बोन किंवा ओद बेर्सेल यांच्या साध्या गूझने करावी. दुर्मीळ बाटलीच्या मागे लागण्याचे कारण नाही. कांतियोंची जर्दाळू घातलेली ‘फू फून’ हे याचे बोलके उदाहरण. ती थोडीच तयार होते, म्हणून संग्राहकांमध्ये तिच्यासाठी झुंबड असते आणि तिच्या जुन्या बाटल्या चढ्या भावाने हातोहात फिरतात. पण तिचे सारे वैभव ताज्या जर्दाळूच्या गंधात आहे आणि तो गंध वर्षागणिक विरत जातो. म्हणजे ग्राहक जास्त पैसे मोजतो ते उरलेल्या आंबटपणासाठी. चेरीची क्रीक थोडी अधिक तग धरते, रास्पबेरीची त्याहून कमी. फळांची लॅम्बिक वर्षा-दोन वर्षांत संपवावी, हे बरे.

ठेवायचीच असेल, तर गूझ ठेवावी. चांगली गूझ दहा वर्षे सहज टिकते, काही उत्पादक तर लेबलवर वीस वर्षांची मुदत छापतात. काळाबरोबर तिचा फेस मंदावतो, आंबटपणाची धार बोथट होते आणि चामडे, सुके गवत, तळघर अशा गंधांची खोली वाढते. शक्य झाल्यास एकाच वेळच्या तीन बाटल्या घ्याव्यात. एक लगेच उघडावी, दुसरी तीन वर्षांनी, तिसरी त्यानंतर. पहिली उघडलीच नाही, तर तिसरीत काय बदलले हे कळणार कसे? बाटलीत भरल्याची तारीख लेबलवर असेल तर ती वहीत टिपून ठेवावी.

जागा अंधारी हवी, कारण प्रकाशाने हॉप्समधील द्रव्ये बिघडून दुर्गंध येतो. तापमान दहा ते पंधरा अंशांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर हवे. बाटली आडवी ठेवावी की उभी, यावर चाहते तावातावाने भांडतात. काही वर्षांसाठी दोन्ही चालते. उष्णतेबाबत मात्र तडजोड नाही. त्याचा दाखला बेर्सेल गावच्या ड्री फोंटेनन या ब्रुअरीने दिला. मे २००९ मध्ये तिच्या गोदामातील तापमान नियंत्रक बिघडला आणि गरम हवा सुरूच राहिली. हजारो बाटल्या फुटल्या, उरलेल्यांतील बिअर निकामी झाली. नुकसान सुमारे ८० हजार बाटल्यांचे होते. मालक आर्मंड डेबेल्डर यांचा व्यवसाय बुडण्याच्या बेतात आला. बिघडलेल्या बिअरचे त्यांनी ऊर्ध्वपातन करून ‘आर्मंड स्पिरिट’ नावाचे मद्य काढले. शेजारच्या उत्पादकांच्या आणि ग्राहकांच्या मदतीने ब्रुअरी सावरली. डेबेल्डर यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

उष्णतेचे संकट आता पिंपाच्या आधीच गाठू लागले आहे. रस निवण्यासाठी रात्रीचे तापमान साधारण आठ अंशांच्या खाली लागते, म्हणून ही बिअर ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात केली जाते. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्री इतक्या उबदार होत्या, की कांतियोंला काही काळ काम थांबवावे लागले.

ब्रसेल्सहून परतताना बाटल्या आणण्याचा मोह मराठी पर्यटकांना होणे स्वाभाविक आहे. आपल्या सीमाशुल्क नियमांनुसार प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन आणि ३७५ची एक बाटली बसते. त्या विमानाच्या पोटातल्या सामानातच, कपड्यांत घट्ट गुंडाळून ठेवाव्यात. मुंबईच्या किंवा नागपूरच्या घरात माळ्यावर ठेवण्याचा विचारही करू नये. घरचा फ्रीज मुरण्यासाठी जरा जास्तच थंड असतो, बिअर त्यात जणू झोपी जाते. पण माळ्यावर ती मरते.

आता चव. प्रस्तुत प्रतिनिधीने पहिला घोट घेतला तेव्हा बिअर नासली आहे, असेच वाटले होते. ग्लास परत करण्यासाठी हातही उचलला होता. दुसऱ्या घोटाला लिंबाची साल जाणवली, तिसऱ्याला ग्लास ठेववेना. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी म्हणजे गाळ तळाशी बसतो. ब्रसेल्समध्ये तळघरातील आडवी बाटली तशीच वेताच्या टोपलीत ठेवून, न हलवता ओततात. फ्रीजमधून काढल्यावर वीस मिनिटे थांबावे, कारण बर्फासारख्या थंडीत गंध मुका होतो. झाकणाखाली बूच असल्यास ते हळूहळू काढावे, आत दाब बराच असतो.

आधी वास घ्यावा. घोड्याच्या पाठीवरचे घोंगडे, ओले गवत, हिरवे सफरचंद अशी वर्णने ऐकून हसू येईल. पण घोंगड्याचा तो वास ब्रेटानोमायसिसने निर्माण केलेल्या रसायनांचा असतो आणि एकदा ओळखला की विसरत नाही. मग आंबटपणाचा पोत पाहावा. दह्याचा, ताकाचा आंबटपणा जिभेवर पसरतो, व्हिनेगरचा नाकात झोंबतो. पहिला हवाच, दुसरा चिमूटभर चालतो. नाकाला चरचर जाणवली आणि घसा जळजळला, तर बाटली जुनी आहे म्हणून तिचे कौतुक करू नये. ती बिघडली आहे. कडवटपणा नावापुरता असतो आणि शेवट इतका कोरडा, की तोंडाला पाणी सुटते. मद्यार्क साधारण पाच-सहा टक्के. ब्रसेल्सच्या जुन्या गुत्त्यांत तिच्यासोबत पावावर पसरलेले मऊ ताजे चीज, मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात देतात.

बाटली ७५० मिलिलिटरची असेल तर तिघे-चौघे जमवावेत. गाळ शेवटच्या पेल्यात येतो. तो गढूळ असतो, अपायकारक नसतो. काही जण तो टाकून देतात, काही जण त्याच्यासाठीच थांबून राहतात.