एटना ब्रूम

एटना ब्रूम : (लॅ. जेनिस्टा एटनेन्सिस, कुल–लेग्युमिनोजी, उपकुल–पॅपिलिऑनेटी). शिंबावंत कुलातील एक मोठे, जवळजवळ पर्णहीन झुडूप किंवा लहान वृक्ष. मूलस्थान सिसिली बेटावरील एटना ज्वालामुखी पर्वत व सार्डिनियाचा पूर्व भाग. एटनाच्या उतारांवरील विरळ वनांत व जुन्या लाव्हा प्रवाहांवर ते विपुल आढळते.

उंची सामान्यतः ३–५ मी., क्वचित अधिक. फांद्या बारीक, हिरव्या, वेताप्रमाणे लवचिक व कोवळेपणी लोंबत्या. पाने साधी, रेषाकृती, अतिशय लहान असून लवकर गळतात. त्यामुळे प्रकाशसंश्लेषणाचे कार्य मुख्यतः हिरव्या फांद्याच करतात. बाष्पोच्छ्वासाचे क्षेत्र कमी झाल्याने भूमध्य सामुद्रिक प्रदेशातील दीर्घ, कोरडा उन्हाळा सुसह्य होतो. महाराष्ट्रातील कोरड्या भागांत आढळणाऱ्या नेपतीत असेच अनुकूलन दिसते. मात्र तिचे कुल वेगळे आहे. फुले पिवळी, सुवासिक, पतंगरूप असून जून-जुलैमध्ये विपुल येतात. केसरदले १०, तळाशी जुळलेली. शिंबा लहान, टोकदार व थोड्या बियांची असते.

थंड झालेल्या लाव्ह्यावर प्रथम स्टीरिओकॉलॉन व्हेसूव्हियानम हे करड्या रंगाचे शैवाक (दगडफूल) वाढते. फटींत थोडी माती साचल्यावर ओषधी व त्यानंतर हे झुडूप येते. त्याच्या मुळांवरील ग्रंथिकांतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात. गळालेल्या काटक्या कुजून ह्यूमस बनते, विरळ सावली लाभते आणि ओक, पाइन यांसारख्या वृक्षांना आधार मिळू लागतो. अशा रीतीने उजाड खडकाचे वनात रूपांतर होण्यास त्याची मोठी मदत होते.

याच गुणांमुळे नेपल्सजवळील व्हीस्यूव्हिअस पर्वतावरील सैल राख धरून ठेवण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याची लागवड करण्यात आली. तेथे ते मूळचे नसून वेगाने पसरले. नायट्रोजनाची भर पडल्याने नापीक जमिनीतच टिकणाऱ्या शैवाकांच्या व ओषधींच्या मूळ समुदायांवर त्याने आक्रमण केले असून आता त्याच्या नियंत्रणाचा प्रश्न निर्माण झाला आहे. एका ज्वालामुखीवर उपकारक ठरलेली वनस्पती दुसऱ्यावर उपद्रवी ठरते, यावरून वनीकरणासाठी जाती निवडताना केवळ तिची वाढ व काटकपणा पाहणे पुरेसे नाही, हे दिसून येते.

यूरोपातील बागांत हे झुडूप शोभेसाठी लावतात. नवीन लागवड बियांपासून करतात; त्यांचे कवच कठीण असल्याने पेरण्यापूर्वी ते खरवडून बी पाण्यात भिजत घालतात. निचऱ्याची जमीन व भरपूर ऊन आवश्यक असते. मोठी रोपे स्थलांतर सहन करीत नाहीत.