जाळ्यातील कोंडी आणि ती सोडविणारी शिस्त

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात स्थिरावले आहेत. मी इतिहासाचा शिक्षक. तरीही त्यांच्याच क्षेत्राच्या इतिहासातील एक प्रसंग या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांना व माजी विद्यार्थ्यांना सांगावासा वाटतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यातील संगणकीय दळणवळण एकाएकी मंदावले. अंतर अवघे ४०० यार्ड. पण वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. एका रोमन अक्षरास आठ बिट धरले, तर सेकंदाला केवळ पाच अक्षरे! दोन हजार अक्षरांचे जे पान अर्ध्या सेकंदात पोहोचले असते, त्याला आता सहा मिनिटांहून अधिक काळ लागणार होता.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांनी कारण शोधण्यास घेतले. बर्कली युनिक्स या प्रणालीतील टीसीपी नावाचा भाग मजकुराचे तुकडे, म्हणजे पॅकेट, करून पाठवीत असे. प्रत्येक पॅकेटची पोच ठरावीक वेळेत आली नाही, तर ते हरवले असे समजून तो तेच पुन्हा पाठवी. वाटेवरील यंत्रांत पॅकेटांची रांग लागे आणि जागा संपली की नवे पॅकेट टाकून दिले जाई. गर्दीमुळे पोच उशिरा येई, म्हणून प्रेषक तेच पॅकेट पुन्हा रेटी; त्याने गर्दी आणखी वाढे. अशा कोंडीचा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच दिला होता.

भोजनगृहाच्या दारात सर्व मुले एकदम घुसली, तर कोणालाच आत जाता येत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. जेकबसन यांचे तत्त्व तसेच साधे होते : एक पॅकेट जाळ्यातून बाहेर पडल्यावरच दुसरे आत सोडावे. त्यासाठी प्रेषकाने आरंभी एकच पॅकेट पाठवावे. पोच येईल तसे दोन, चार, आठ असे वाढवीत जावे. पॅकेट हरवले की ती गर्दीची खूण मानावी, आपली मर्यादा निम्म्यावर आणावी आणि पुन्हा एकापासून आरंभ करावा. त्या मर्यादेपर्यंत पोहोचल्यावर मात्र प्रत्येक फेरीस एकानेच वाढ करावी. पोचेची वाट किती पाहावी, याचा हिशेबही सुधारण्यात आला. पोच येण्यास लागणाऱ्या वेळेतील चढउतार त्यात धरले गेले.

१९८८ मध्ये जेकबसन यांनी हे सर्व शोधनिबंधातून मांडले. त्याच वर्षीच्या बर्कली युनिक्सच्या आवृत्तीत या सुधारणा आल्या आणि १९८९ मध्ये इंटरनेटच्या मानकाने त्यांतील प्रमुख नियम बंधनकारक केले. मूळ आज्ञावली अभ्यासकांना वाचता येत होती, म्हणूनच दोष उघड झाला आणि दुरुस्ती सर्वत्र पोहोचली. ज्ञान कुलपात ठेवले असते, तर हे घडणे कठीण होते.

या दुरुस्तीसाठी नवी तार टाकावी लागली नाही की वाटेवर पहारेकरी नेमावा लागला नाही. प्रत्येक प्रेषकाने स्वतःला आवर घातला, म्हणून सर्वांना वाट मिळाली. आज परदेशातील माजी विद्यार्थी आपल्या आईशी मोबाइलवर बोलतो, तेव्हा त्या जाळ्यात हीच शिस्त पाळली जात असते.