गोव्यातून गोव्यात जायला पूल

तेरेखोल नदी म्हणजे गोवा आणि महाराष्ट्राची हद्द. दक्षिणेला पेडणे तालुका, उत्तरेला सिंधुदुर्ग. हे धरून नकाशावर नदीच्या मुखापर्यंत आलात की गणित फिस्कटतं. उत्तर काठावर, समुद्रात घुसलेल्या जांभ्या दगडाच्या टेकडीवर एक किल्ला, किल्ल्यात चर्च, पायथ्याशी थोडी घरं, आणि हे सगळं गोव्याचं. हद्दीची रेघ इथे नदी सोडून टेकडी चढते, तेरेखोल गावाला पाठीमागून वळसा घालते आणि रेडीच्या अंगाला समुद्र गाठते. त्यामुळे तेरेखोलच्या माणसाला जमिनीवरून जाता येईल असा एकच शेजारी, तो महाराष्ट्र. स्वतःच्या राज्यात जायचं तर पाणी ओलांडायचं. ग्रामपंचायत जोडनावाची, केरी-तेरेखोल. तिच्या दोन गावांच्या मधून नदी वाहते.

क्षिप्रेकाठी राहणाऱ्याला याचं जरा जास्तच नवल वाटतं. आमच्या उज्जैनला नानाखेड्याकडून रामघाटावर या, समोर दत्त आखाडा दिसतो. मधे पाणी आहे, हद्द नाही. पावसाळ्यात छोटा पूल बुडाला तर लोक मोठ्या पुलाने जातात, वाद संपला. पण हेच पाणी पुढे चंबळेला मिळतं, आणि चंबळ बरीच खाली गेल्यावर मध्य प्रदेश आणि राजस्थानमधली सीमा होते. नोव्हेंबर १८०५ मध्ये दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, त्यात दोघांच्या मुलखांमधली हद्द म्हणून चंबळच धरली होती. रामघाटावर ज्यात डुबकी मारली ते पाणी पुढे दोन सत्तांमधली रेघ होऊन वाहत होतं.

पण तेरेखोलला रेघ वाकडी का झाली? किल्ला मुळात सावंतवाडीच्या खेम सावंतांचा. नदीच्या तोंडावर बसलेला, आत येणारं प्रत्येक गलबत टप्प्यात असलेला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला. गंमत पुढे आहे. समोरच्या काठावरचा पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा आला तो १७८८ मध्ये. म्हणजे पलीकडचा किल्ला आधी हातात आणि अलीकडची जमीन चाळीस वर्षांनी! शेजारची रेडी पुन्हा सावंतवाडीकडे गेली, तेरेखोल तेवढं राहिलं. तोफेच्या पल्ल्याचा विचार करून ठेवलेली एक टेकडी आज रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि रुग्णवाहिकेच्या वाटेत आडवी येते. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, पण त्यांची रेघ राहिली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला नसता, तर ही सगळी भानगड एका राज्याच्या दोन तालुक्यांत मिटली असती.

केरीच्या धक्क्यावर आज काय चालतं ते बघण्यासारखं आहे. नदी परिवहन खात्याची फेरीबोट येते, तिची पुढची लोखंडी फळी साखळीने खाली सुटते आणि उतारावर खरखरत टेकते. दुचाक्या उतरतात, मग चारचाक्या, मग पिशव्या घेतलेली माणसं. पात्र रुंद नाही, काही मिनिटांत पलीकडे. मात्र ओहोटी फार खोल गेली की बोटीला पाणी पुरत नाही, आणि रात्री ती नसते. तेव्हा तेरेखोलच्या माणसाने महाराष्ट्रात शिरून, आरोंद्यापर्यंत जाऊन, किरणपाणीच्या पुलावरून नदी ओलांडून परत गोव्यात यायचं. समोर दिसणाऱ्या काठासाठी एवढी प्रदक्षिणा.

मग पूल का नाही? इथे नदीचा स्वभाव कळून घ्यावा लागतो. मुखाशी ती नुसती नदी नसते. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा बाहेर जातो, पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने वरखाली होते. लाटा वाळू आत लोटतात, पावसाळ्यातला पूर ती बाहेर फेकतो. केरीचा सुरूच्या झाडांचा किनारा या देवघेवीतला मालच आहे. आता अशा पाण्यात एक खांब उभा करा. प्रवाह खांबावर आपटतो, समोरच्या अंगाने खाली वळतो आणि बुडाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा होऊन दोन्ही बाजूंनी निघतो. तो भोवरा खांबाच्या पायाखालची वाळू उकरत राहतो. नेहमीच्या नदीत निदान प्रवाहाची दिशा एक असते. इथे ती भरती-ओहोटीबरोबर उलटते, आणि उकरणं दोन्ही अंगांनी चालतं. म्हणून खांब खाली, फार खाली, घट्ट थरापर्यंत न्यावे लागतात. वरून दिसणारा पूल म्हणजे खरं तर पुलाचा थोडासाच भाग.

कायदा याहून मजेशीर आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना खाडीची हद्द कशी ठरवते? सर्वांत कोरड्या हंगामात पाण्यातला क्षार मोजायचा. जिथपर्यंत तो हजारात ५ भाग भरतो, तिथपर्यंत समुद्राचे नियम. सरकारी कागद नदीची चव घेऊन बघतो! मुखाशी बांधायच्या पुलाला म्हणूनच किनारपट्टी प्राधिकरणाची परवानगी लागते. गोवा साधनसुविधा विकास महामंडळाने केरी-तेरेखोल पुलाचं काम गेल्या दशकाच्या मध्याला हाती घेतलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि काम थांबलं.

तांत्रिक वाद कोर्टात होता, खरा वाद गावात. पूल हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ: रात्री बाळंतीण अडली तर काय? कॉलेजच्या मुलाने बोटीची वाट बघत किती वर्षं काढायची? नको म्हणणाऱ्यांचा सवाल: मूठभर घरांसाठी सरकारला एवढा उमाळा आत्ताच का आला? त्याच काळात तेरेखोलच्या पठारावर मोठा गोल्फ प्रकल्प येऊ घातला होता, आणि कसणाऱ्या कुळांच्या हक्कांवरून भांडण पेटलं होतं. पूल आमच्यासाठी की गोल्फवाल्यांसाठी, ही शंका वेडगळ नव्हती. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे. पूल रुग्णवाहिकेला आणि बुलडोझरला सारखीच वाट देतो. फेरीबोट तसं करत नाही. ती एका वेळी थोडी माणसं आणते. गाव तिच्यामुळे अडतंही आणि वाचतंही.

सीमेवर नुसता पूल उभा करून भागत नाही, याचा मासला दक्षिण अमेरिकेत आहे. ब्राझील आणि फ्रेंच गयाना यांच्यामधल्या ओयापोक नदीवरचा पूल २०११ मध्ये बांधून झाला आणि वाहतुकीला खुला झाला २०१७ मध्ये. मधली सहा वर्षं दोन देशांचे कागद जुळायची वाट बघत काँक्रीट उभं होतं.

तेरेखोलला तसं पारपत्र लागणार नाही, पण पलीकडचा रस्ता मात्र दुसऱ्या राज्याचा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी महामार्गाचं शेवटचं टोक रेडी, म्हणजे तेरेखोलच्या उंबऱ्याशी. दुसरीकडे पेडण्यातच मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. केरीला पूल झाला की या दोन टोकांमधली किनाऱ्याची वाट तेरेखोलमधून जाणार. मग तो गावचा पूल राहणार नाही, पर्यटकांच्या गाड्यांचा होईल. गावाची गरज नदी ओलांडण्यापुरतीच असेल तर मोठ्या पुलाआधी रात्रीची फेरी आणि ओहोटीतही चालेल असा धक्का मागून बघायला हवा. पूल बांधायचाच ठरला, तर त्याची रुंदी किती आणि त्यावरून अवजड गाड्या सोडायच्या की नाही, हे केरी-तेरेखोलच्या ग्रामसभेत पहिला खांब रोवायच्या आधी ठरलं पाहिजे.