बर्फावरची कारकीर्द आणि कॉलेजची वर्षं

२०१८च्या जानेवारीत हेली विकनहायझर लेहला आली. बर्फावरच्या हॉकीत महिलांमध्ये तिच्याइतकं मोठं नाव दुसरं नाही. उणे तापमानात, साडेतीन हजार मीटर उंचीवर, ती लडाखच्या मुलींबरोबर खेळली आणि त्यांना शिकवलंही. त्याच वर्षाअखेर त्या मुली कॅनडात कॅलगरीला, तिच्या नावाने भरणाऱ्या विकफेस्ट या मुलींच्या हॉकी महोत्सवात खेळून आल्या. या दोन प्रवासांच्या मागे जी गोष्ट आहे, ती मुक्ताईनगरच्या वाचकांपुढे ठेवायला मला सबळ कारण आहे. रावेर मतदारसंघाच्या खासदार रक्षा खडसे जून २०२४पासून केंद्रात क्रीडा राज्यमंत्री आहेत आणि त्या आपल्या तालुक्यातल्या. तापी-पूर्णेच्या काठी बर्फ पडत नाही, पण देशातल्या बर्फावरच्या खेळाचं खातंही आता आपल्या माणसाच्या हाती आहे.

आधी खेळ समजून घेऊ. साठ मीटर लांबीचं बर्फाचं मैदान, एका बाजूचे गोलरक्षकासह सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी अडीच सेंटिमीटर, वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या दरम्यान. खेळाडू मिनिटभराच्या आतच दमून बाहेर येतात, त्यांच्या जागी ताज्या दमाचे उतरतात, आणि ही अदलाबदल खेळ न थांबता चालते. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात मुद्दाम अंगावर धडक मारायला परवानगी नाही. त्यामुळे ताकदीपेक्षा पायांचा वेग, पास देण्याची नजर आणि सांघिक समज यांना जास्त मोल येतं. मला तरी महिलांचा खेळ त्यामुळेच अधिक देखणा वाटतो.

हा खेळ बायका फार जुन्या काळापासून खेळत आल्या. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांची मुलगी इझोबेल १८९०च्या सुमारास ओटावात खेळत होती. पण खेळणं वेगळं आणि मान्यता मिळणं वेगळं. १९५६मध्ये टोरांटोत अ‍ॅबी हॉफमन नावाची मुलगी ‘अ‍ॅब’ या नावाने मुलांच्या संघात खेळत होती. जन्मदाखला तपासला गेला तेव्हा ती मुलगी असल्याचं उघड झालं. तिच्या घरच्यांना थेट न्यायालयात जावं लागलं आणि तिथेही पदरी निराशाच आली. पुढे हीच अ‍ॅबी धावपटू म्हणून चार ऑलिम्पिक खेळली. पुरुषांची बर्फावरची हॉकी १९२०पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांना ती संधी मिळाली १९९८मध्ये, जपानच्या नागानो इथे. मध्ये ७८ वर्षं गेली.

ही दरी बऱ्याच अंशी भरून काढली ती कॉलेजांनी. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाशी जोडलेल्या पेम्ब्रोक महिला कॉलेजच्या मुलींनी १९६४मध्ये संघ उभा केला. तिथल्या कॉलेजांतला तो पहिला महिला संघ. १९७२मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींना लिंगाच्या कारणावरून डावलता येणार नाही, असं त्याने बजावलं आणि मैदानही त्या कक्षेत आलं. तरीही पुरुषांची राष्ट्रीय कॉलेज अजिंक्यपद स्पर्धा १९४८मध्ये सुरू झालेली असताना महिलांची सुरू व्हायला २००१ साल उजाडलं. अठरा ते बावीस या वयात अनेक मुलींचा खेळ सुटतो. त्या वयात प्रशिक्षक, बर्फ, सामने आणि पदवी या चारही गोष्टी एका आवारात मिळू लागल्या. हार्वर्डची ज्युली चू याच वाटेने आली. आशियाई वंशाच्या या मुलीने २००२ ते २०१४ अशी चार ऑलिम्पिक पदकं मिळवली. २००७मध्ये तिला अमेरिकी कॉलेज हॉकीतला महिलांचा सर्वोच्च पुरस्कार, पॅटी कॅझमायर, मिळाला.

विकनहायझरची वाट मात्र उलटी. १९७८मध्ये कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या शॉनावन या छोट्या गावात ती जन्मली. आईवडील शिक्षक. वडिलांनी परसात पाणी गोठवून मैदान केलं आणि तिथे तिचे पाय बर्फावर बसले. लहानपणी मुलींचे संघच नव्हते, म्हणून ती मुलांबरोबर खेळली. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात आली. नागानोत रौप्य, मग २००२, २००६, २०१० आणि २०१४ अशी ओळीने चार सुवर्णपदकं. मध्येच २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ती सॉफ्टबॉलही खेळली. २००३मध्ये फिनलंडच्या किर्कोनुम्मी सलामात या पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडून उतरली आणि गोल केला. पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोल करणारी ती पहिली महिला. देशासाठी २७६ सामने, १६८ गोल आणि २११ गोलांना हातभार.

इतकं सगळं गाठीशी असताना ती कॅलगरी विद्यापीठाच्या डायनोज संघात दाखल झाली. गळ्यात ऑलिम्पिकची सुवर्णपदकं, आणि शेजारी नुकत्याच शाळेतून आलेल्या मुली. २०१२मध्ये या संघाने कॅनडाचं विद्यापीठ अजिंक्यपद जिंकलं. तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती. मैदान सांभाळत तिने पदवी घेतली, २०१७मध्ये निवृत्त झाली आणि २०२१मध्ये त्याच विद्यापीठातून डॉक्टर झाली. २०१९मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली. २०२२मध्ये टोरांटो मेपल लीफ्स या पुरुषांच्या नामांकित संघाने तिला साहाय्यक महाव्यवस्थापक नेमलं. खेळ की शिक्षण, हा आपल्याकडे दहावीच्या निकालाआधीच विचारला जाणारा प्रश्न तिच्या आयुष्यात निकालीच निघाला.

आता लडाख. तिथे बर्फावरची हॉकी लष्कराच्या जवानांमुळे रुजली. लेहच्या कर्झू तळ्यावर पिढ्या खेळल्या. निसर्गाने गोठलेलं पाणी मिळतं ते डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने. त्यातही मैदान आधी मुलांना, उरलेला वेळ मुलींना. साहित्य मागून आणलेलं. भारताचा पहिला महिला संघ २०१६मध्ये तैपेईला आशियाई चॅलेंज कपसाठी गेला आणि पराभूत होऊन परतला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये या संघाने फिलिपिन्सला ४-३ आणि मलेशियाला ५-४ असं हरवलं. भारतीय महिलांचे हे पहिले आंतरराष्ट्रीय विजय. जून २०२५मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे, त्सेवांग चुस्कितच्या नेतृत्वाखाली, भारताने महिला आशिया कपचं कांस्यपदक मिळवलं. इराणला सुवर्ण आणि फिलिपिन्सला रौप्य मिळालं. दोन महिन्यांच्या बर्फावर घडलेल्या संघाचं हे पदक मला फार मोठं वाटतं. वर्तमानपत्रांनी त्याला कोपऱ्यातली जागा दिली याची खंत आहे.

भारताच्या महिला संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळलेल्या नूर जहान हिची कारकीर्द विकनहायझरच्या शेजारी ठेवून बघावी. लेहची ही मुलगी दिल्लीत कलासंवर्धन शिकली. गोम्पांमधली, म्हणजे बौद्ध मठांमधली, जुनी भित्तिचित्रं आणि थांगका ही कापडावरची चित्रं दुरुस्त करणं हा तिचा व्यवसाय. नात्यातल्या बहिणीबरोबर तिने त्यासाठी ‘शेसरिग लडाख’ ही संस्था काढली. शतकांपूर्वीच्या रंगाचे पापुद्रे जपणारे हात हिवाळ्यात पक अडवतात. फरक एकच, आणि तो मोठा आहे. कॅलगरीच्या विद्यापीठात वर्गही होता आणि बर्फही होता. लडाखच्या अनेक मुली पदवीसाठी दिल्ली, चंदीगड, जम्मू गाठतात आणि तिथे त्यांचा बर्फावरचा सराव तुटतो. डेहराडूनचं बंदिस्त बर्फाचं मैदान २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं आणि नंतर वर्षानुवर्षं बंद पडलं. ते २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं.

आपल्याकडे कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींची अडचण हीच आहे. फक्त बर्फाच्या जागी माती. बारावीपर्यंत जिल्हा गाजवणारी मुलगी कॉलेजात गेल्यावर संघात दिसत नाही. कधी सराव संध्याकाळी आणि शेवटची एसटी त्याआधी सुटते, कधी घरात स्थळं बघायला सुरुवात होते. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत, २०२०पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आहेत, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पायऱ्या आहेत, मधली पायरी चढेपर्यंत मुलगी मैदानावर टिकवायला हवी.

म्हणून क्रीडा राज्यमंत्र्यांना, आपल्या तालुक्याच्या सुनेला, विनंती आहे. डेहराडूनचं मैदान बारमाही चालू ठेवा आणि लडाखच्या मुलींना शिक्षण व बर्फ एकाच गावी मिळेल अशी सोय करा. मुक्ताईनगर, रावेर, बोदवडच्या कॉलेजांतल्या क्रीडा संचालकांना सांगणं आहे की मुलींचा सराव शेवटच्या एसटीच्या आधी संपेल अशा वेळी ठेवा. आणि आईबापांनो, मुलगी तेरावीला गेली की तिचे खेळाचे बूट माळ्यावर टाकू नका. अजून चार वर्षं तिला खेळू द्या.