ग्रॅनाइटच्या गावचा शिल्पकार

नाव काढायचे तर राजधानी गाठावी, असा आपला एक समज आहे. जिल्ह्याच्या गावी मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळेच की काय, आर्किबाल्ड सिम्प्सन या स्थापत्यविशारदाचे चरित्र मला फार जवळचे वाटते.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ॲबर्डीन या बंदरात, एका कापडव्यापाऱ्याच्या घरी, १७९० साली तो जन्मला. लंडनमध्ये त्याने उमेदवारी केली, इटलीतील जुन्या वास्तू डोळे भरून पाहिल्या आणि १८१३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, गावी परतून व्यवसाय मांडला.

आणि गावाची अवस्था काय होती? युनियन स्ट्रीट हा लांबरुंद रस्ता बांधण्यापायी नगरपालिका कर्जात बुडाली. १८१७ मध्ये तिचे चक्क दिवाळे निघाले! रस्ता तयार होता; त्याला शोभतील अशा इमारती मात्र अजून उठायच्या होत्या. सिम्प्सन आणि त्याचा प्रतिस्पर्धी जॉन स्मिथ या दोघांनी पुढे त्या शहराला रूप दिले.

इटलीचा संगमरवर छिन्नीला वश होतो. ॲबर्डीनचा ग्रॅनाइट पडला हट्टी. त्यात नाजूक नक्षी काढायची म्हणजे पाथरवटाचे श्रम आणि धन्याचा पैसा, दोन्ही पाण्यासारखे ओतायचे. सिम्प्सनने दगडाशी भांडण केले नाही. सपाट भिंती, रेखीव कडा, दारे-खिडक्यांचे अचूक प्रमाण, एवढ्यावरच त्याने सौंदर्य तोलले. १८२२ मध्ये पुरी झालेली असेंब्ली रूम्स (आजचा म्युझिक हॉल), बॉन-ॲकॉर्ड स्क्वेअरमधली घरे, वुलमनहिलचे घुमटाचे रुग्णालय, सारी याच शिस्तीतली. त्यांची छायाचित्रे पाहताना अलंकारांचा सोस नसलेल्या भारदस्त गद्याची मला आठवण होते.

पण हा माणूस ग्रॅनाइटचा गुलाम नव्हता. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. बाहेर पडलेल्या मंडळींना प्रार्थनामंदिरे हवी होती. तीही झटपट आणि स्वस्तात. सिम्प्सनने एकाच जागी तीन चर्चे जोडून उभारली आणि त्यांवर जर्मनीतील मारबुर्गच्या चर्चची आठवण करून देणारा उंच, निमुळता मनोरा चढवला. तोही विटांचा! ग्रॅनाइटच्या गावात विटेचा मनोरा उभारायला छाती लागते. पुढे चर्चे पडली, मनोरा राहिला.

१८४७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तो वारला. त्याने बांधलेली मंडई आज नाही. त्याच्या एका बँकेच्या इमारतीत पुढे मद्यगृह निघाले आणि त्याला नाव दिले ते सिम्प्सनचेच! बॉन-ॲकॉर्ड स्क्वेअरमध्ये त्याचे स्मारक आहे: पुतळा नव्हे, ग्रॅनाइटचा एक भलाथोरला दगड.

लंडनला राहता, तर तो अनेकांतला एक ठरता. गावी परतला, म्हणून एका शहराचा चेहरा त्याच्या हातून घडला. गाव लहान म्हणून काम लहान ठरत नाही, हे आपल्या हुशार मुलांना कोणीतरी सांगायला हवे.