चार हजार ठिपक्यांची करामत

आडवे ८४ ठिपके आणि उभे ४८. गुणाकार केला तर होतात ४,०३२. १९९७च्या अखेरीस बाजारात आलेल्या नोकिया ६११०चा सगळा पडदा एवढाच होता. आज सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एका 'सुप्रभात'च्या चित्रात याच्या शेकडो पट ठिपके असतात. तरीही त्या एवढ्याशा जागेत साप वळवळला, पुढे तशाच पडद्यांवर अवकाशयानं लढली, गाण्यांच्या चाली बसवल्या गेल्या आणि लासलगावच्या कांद्याचा भावही झळकला. सुरुवातीच्या मोबाइलवरच्या खेळांचा आणि सोयींचा हा इतिहास कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जेवढा घडला, तेवढाच तो पैसे वाचवायला बसलेल्या गिऱ्हाइकांनी घडवला.

न उचललेला फोन

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी गर्दीच्या वेळेत एका मिनिटाला १६ रुपयांच्या वर पडत, आणि आलेला फोन उचलला तरी मीटर चालू होई. नाशिककरांना आणखी एक भुर्दंड होता. दूरसंचार खात्याच्या नकाशात नाशिक 'महाराष्ट्र आणि गोवा' या सर्कलमध्ये, तर मुंबईचं सर्कल वेगळं. पंचवटी एक्स्प्रेसने निघालेला माणूस कसारा घाट उतरून कल्याणच्या आसपास आला की त्याचा फोन आपल्याच राज्यात परका व्हायचा आणि रोमिंग लागायचं.

या महागाईतून एक अफलातून शोध लागला. तो कोणी लावला हे सांगता येत नाही, त्याचं पेटंट नाही आणि तो बसवून घ्यावा लागत नाही. त्याचं नाव मिस्ड कॉल. त्यामागचं तंत्र साधं आहे. फोन लावल्यावर जाळ्यातली यंत्रं कामाला लागतात, पलीकडचा फोन शोधतात, घंटी वाजवतात आणि कोणाचा फोन आहे तो नंबरही दाखवतात. बिलाचं घड्याळ मात्र फोन उचलल्यावरच सुरू होतं. म्हणजे 'मी अमुक, मी तुझी आठवण काढली' एवढा निरोप फुकटात पोचला. मग घराघरांत संकेत ठरले. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, आणि सारख्या वाजल्या तर परत फोन कर, माझ्याकडे बॅलन्स नाही.

१ मे २००३पासून आलेला फोन फुकट झाला. महाराष्ट्र दिनाचा याच्याशी काही संबंध नसला तरी मुहूर्त चांगला होता. मिस्ड कॉलची सवय मात्र सुटली नाही. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबाही मिस्ड कॉल देऊनच नोंदवता येत होता. बेंगळुरूच्या झिपडायल या कंपनीने तर सगळा धंदाच मिस्ड कॉलवर उभा केला आणि २०१५मध्ये ती ट्विटरने विकत घेतली.

सापाचं गणित

बोलणं महाग असल्यामुळे फोन हातात घेऊन न बोलण्याचे उद्योग वाढले. त्यांतला सर्वांत मोठा उद्योग म्हणजे साप. फोनवर खेळ असावा ही कल्पना त्याच्या आधीची. हागेनुक एमटी-२००० या फोनवर १९९४मध्येच टेट्रिस आलं होतं. पण घरोघरी पोचला तो नोकियाचे अभियंते तानेली आर्मांतो यांनी ६११०साठी लिहिलेला 'स्नेक'. त्याचा मूळपुरुष १९७६चा 'ब्लॉकेड' हा यंत्रावर नाणं टाकून खेळायचा खेळ.

या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. साप पुढे सरकताना सगळा साप पुन्हा काढायची गरज नसते. तोंडापुढे एक चौकोन रंगवायचा आणि शेपटीचा एक चौकोन पुसायचा, की सगळा साप सरकल्याचा भास होतो. भक्ष्य खाल्लं की त्या खेपेला शेपटी पुसायची नाही, साप आपोआप एका घराने वाढतो. साप दोन हात लांब असो की पडदाभर, प्रोसेसरला काम तेवढंच. अशक्त यंत्रासाठी याहून सोयीचा खेळ शोधून सापडला नसता. ६११०वर तर दोन फोन समोरासमोर धरून इन्फ्रारेडच्या आधाराने दोघांना झुंज लावता येत असे.

२००० साली आलेल्या ३३१०मध्ये 'स्नेक २' होता. त्यातला साप भिंतीतून आरपार जाऊन पलीकडून उगवायचा. सोबतीला अंतराळयुद्धाचा 'स्पेस इम्पॅक्ट', जोड्या लावायचा 'पेअर्स' आणि 'बांतुमी' होता. या बांतुमीचं कूळ जुनं आहे. खळग्यांत बिया वाटत फिरायच्या या खेळाचे प्रकार आफ्रिकेत शतकानुशतकं चालत आलेत आणि तमिळनाडूत त्याची बहीण पल्लांगुळी नावाने नांदते.

बॅटरीचा मंत्र आणि टॉर्चचा उजेड

त्याच ३३१०मध्ये रिंगटोन रचायची सोय होती. एकेक बटण दाबून सूर लिहायचा, मग त्याची लांबी, मग सप्तक. वर्गातला एखादा मुलगा वहीत आकड्यांची रांग उतरवून आणायचा आणि सगळा वर्ग ती आपापल्या फोनमध्ये भरायचा. निम्म्या चाली ओळखू येत नसत, पण प्रत्येकाचा अभिमान पूर्ण असायचा.

गुप्त मंत्रांचा बाजारही तेजीत होता. 'स्टार हॅश ०६ हॅश' दाबलं की फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक दिसतो, हे खरं आहे आणि आजही चालतं. पण 'स्टार ३३७० हॅश' दाबलं की नोकियाची लपवलेली बॅटरी बाहेर येते, ही निव्वळ वावडी. हा संकेत आवाज अधिक चांगल्या दर्जाने पाठवायची पद्धत चालू करत असे आणि त्यात बॅटरी उलट जास्त खर्च व्हायची. वाचवायला निघालेल्यांनीच ती अधिक झपाट्याने संपवली.

२००३मध्ये नोकिया ११०० आला. धूळ आत जाऊ नये अशी बटणं, घामट हातातून निसटू नये अशी पाठ आणि डोक्यावर टॉर्च. जगभरात हा फोन २५ कोटींच्या वर खपला. त्या दशकातलं महाराष्ट्रातलं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना त्यातलं सर्वांत उपयोगी अ‍ॅप कोणतं हे सांगायला नको. चारच वर्षांनी आलेल्या १२०८ने तर एका फोनमध्ये पाच वेगवेगळ्या नंबरवह्या ठेवायची सोय दिली, कारण एकच फोन सगळं घर वापरतं हे कंपनीच्या लक्षात आलं होतं.

१४ वेळा दाबा, तेव्हा 'नाशिक'

संदेश लिहिणं ही तर बोटांची तालीमच होती. आठ बटणांवर २६ इंग्रजी अक्षरं वाटलेली. रोमन लिपीत 'नाशिक' लिहायचं तर बटणं १४ वेळा दाबावी लागत. त्यातही 'एच' आणि 'आय' ही अक्षरं ४च्याच बटणावर, म्हणून मधे क्षणभर थांबायचं, नाहीतर भलतंच अक्षर उमटायचं. पाहता पाहता मुलं टेबलाखाली, न बघता, मराठी रोमनमध्ये लिहू लागली.

मराठी देवनागरीत लिहायला गेलं की हिशेब बदलायचा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून संदेश ७०वर आटोपतो. त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूणही वेगळी मोजली जाते. एकटं 'त्र्यंबकेश्वर' ७०पैकी १३ जागा खाऊन बसतं. शिवाय ज्या फोनला देवनागरी येत नसे त्यावर नुसत्या चौकोनांची रांग दिसायची. सणासुदीला आणखी एक पेच असे. दिवाळी आणि ३१ डिसेंबर हे कंपन्यांचे 'ब्लॅकआउट डे', त्या दिवशी फुकट एसएमएसचं पॅक चालत नसे. त्यामुळे काटकसरी मंडळी दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच उरकून घेत.

७० चिन्हांत कांद्याचा लिलाव

याच चिमुकल्या जागेत नाशिक जिल्ह्याच्या कामाची गोष्ट बसवली गेली. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००७मध्ये महाराष्ट्रात 'रॉयटर्स मार्केट लाइट' सुरू केलं. वर्गणी भरायची, आपली पिकं आणि बाजार सांगायचे, मग हवामान, पीक सल्ला आणि बाजारभाव मराठी एसएमएसने फोनवर यायचे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांच्या आवारात ट्रॉली उभी करण्याआधी आज काय भाव निघाला हे कांदाचाळीपाशी बसून कळू लागलं.

नोकियाने महाराष्ट्रात चाचणी घेऊन २००९मध्ये 'लाइफ टूल्स' आणलं. ते दिसायला चित्रांचं, सुबक अ‍ॅप होतं, पण आतून सगळा कारभार एसएमएसचा. त्यामुळे इंटरनेट नसलं तरी ते चाले. महिन्याला ३० रुपयांत हवामान आणि सल्ला, तर ६० रुपयांत आपण निवडलेल्या तीन पिकांचे जवळच्या बाजारांतले भाव मिळत.

मग शेतकऱ्याला भाव जास्त मिळाला का? मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० खेड्यांत हे तपासलं. ज्यांना रॉयटर्सची एसएमएस सेवा दिली त्यांच्या आणि इतरांच्या हाती पडलेल्या भावात ठळक फरक आढळला नाही. याउलट उत्तर केरळात रॉबर्ट जेन्सन यांना दिसलं की मोबाइल आल्यावर मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, मासळी गिऱ्हाइकाला ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि फेकून द्यावी लागणारी मासळी वाचली. समुद्रातली होडी फोन करून कोणत्या बंदराला लागायचं ते ठरवू शकते. भरलेली ट्रॉली मात्र भाडं आणि डिझेल यांचा हिशेब पाहून बहुधा नेहमीच्याच बाजाराची वाट धरते. भाव कळणं आणि भाव मिळणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते ७० चिन्हांत पार होणारं नव्हतं.

फोनने पंप, फोनने चष्मा

शेतीतलं दुसरं कौतुक पुण्याचं. संतोष ओस्तवाल यांच्या आजोबांना पंप चालू-बंद करायला रात्री-अपरात्री शेतावर जावं लागे. शेतीची वीज रात्री येते, हे दुखणं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदारालाही चांगलं ठाऊक आहे. ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' तयार केलं. पंपाच्या पेटीला एक यंत्र जोडायचं, घरून त्याला फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा, की पंप सुरू. यासाठी महागडा फोन लागत नाही, कारण कोणत्याही फोनचं बटण दाबल्यावर दोन सूर एकदम निघतात. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. पलीकडचं यंत्र त्या जोडीवरून आकडा ओळखू शकतं. २००९मध्ये नोकियाच्याच स्पर्धेत या कल्पनेला पारितोषिक मिळालं.

याच सुमारास जावा या संगणकभाषेतल्या खेळांचा आणि अ‍ॅप्सचा सुळसुळाट झाला. सुरुवातीच्या नोकियात अख्खा खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर मोबाइलची बाजारपेठ वाढली. अशा बाजारांत मेमरी कार्ड दिलं की दुकानदार त्यात गाणी आणि खेळ भरून देत. त्यांत 'लव्ह कॅल्क्युलेटर' असे, कपड्यांआडचं दाखवतो म्हणणारा लबाड 'एक्स-रे' असे आणि डास पळवणारं अ‍ॅपही असे. डासांचा विषय शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतला. २००७च्या कोक्रेन आढाव्यात असा आवाज काढणाऱ्या उपकरणांच्या १० चाचण्या तपासल्या गेल्या. निष्कर्ष निघाला की डासांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

खरा चमत्कार मात्र नाशिकच्याच सुपुत्राने दाखवला. नाशिकला जन्मलेले आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांनी सहकाऱ्यांसोबत २०१०मध्ये 'नेत्रा' सादर केलं. मोबाइलच्या पडद्यावर साधारण दोन डॉलरचं प्लॅस्टिकचं भिंग लावायचं, त्यातून डोळा लावून पाहायचं आणि लाल व हिरव्या रेघा एकमेकींवर येईपर्यंत बाणांची बटणं दाबायची. वेगवेगळ्या कोनांतून हे आठ वेळा केलं की दोन मिनिटांच्या आत चष्म्याचा नंबर हाती येतो. रेघा जुळवायला जेवढ्या सरकवाव्या लागतात तेवढा डोळ्याचा दोष, एवढंच त्यामागचं गणित. २०१६ साली रासकर यांना पाच लाख डॉलरचं लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळालं. त्याआधी २०१५च्या सिंहस्थासाठी त्यांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये 'कुंभथॉन' भरलं आणि तरुणांनी गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर उपाय तयार केले.

हिकमतीचा वारसा

यातलं बरंच काही आता गेलं. लाइफ टूल्स २०१३च्या अखेरीस बंद झालं आणि रिंगटोनच्या वह्या रद्दीत गेल्या. टिकलं ते कमीत कमी साधनांत काम भागवणारं. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या बटणांच्या फोनवरून पैसे देण्यासाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केलं. इंटरनेट नसताना पैसे पाठवायचे चार मार्ग त्यात दिले आहेत. त्यांतला एक मार्ग फोनमधून निघणाऱ्या आवाजाचा आहे. आणखी एक आहे मिस्ड कॉलचा: दुकानाच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, परत आलेला फोन उचलायचा आणि पिन दाबायचा. बॅलन्स वाचवण्यासाठी लोकांनी काढलेली युक्ती देशाच्या मध्यवर्ती बँकेने अधिकृत व्यवहारात घेतली. फरक इतकाच, की पूर्वी मिस्ड कॉल दिल्यावर पैसे वाचायचे, आता जातात.